बापूस पत्र : पुलास्कीचा तट

अटलांटा,
१२ नोव्हेंबर

प्रिय बापू,

सप्रेम नमस्कार.

निघायच्या आदल्या रात्री तू फोनवर काय म्हणालास, आठवतंय? "जा खुशाल, पण त्या देशात एक धड किल्ला नाही. चार महिने करशील काय?" मी नुसता हसलो होतो, कारण उत्तर माझ्याकडेही नव्हतं. आता आहे, आणि ते व्हॉट्सॲपवर मावणारं नाही. तिथे मी पन्नास ओळी लिहिल्या की तू एक अंगठा दाखवून मोकळा होतोस. म्हणून सूनबाईकडून कागद मागून घेतला आणि बसलो लिहायला.

नातवाला समुद्र बघायचा होता म्हणून मागच्या शनिवारी सगळे सव्हानाला गेलो. इथून गाडीने चार तास. दुसऱ्या दिवशी टायबी बेटावरच्या वाळूकडे जाताना वाटेत डाव्या हाताला पाटी दिसली, फोर्ट पुलास्की. मुलगा म्हणाला, "बाबा, तुमचा विषय." पुलावरून कॉकस्पर नावाच्या बेटावर उतरलो. बेट कसलं, सव्हाना नदीच्या मुखाशी साठलेला गाळ. चहूकडे कमरेएवढं खारं गवत आणि भरती-ओहोटीची दलदल. त्यात मधोमध पाच बाजूंचा विटांचा किल्ला, भोवती पाण्याने भरलेला खंदक, वर उचलपूल. डोंगर नाही, कातळ नाही, चढ नाही. आपल्या सवयीने मी मान वर करून बालेकिल्ला शोधत होतो.

पण पाया ऐकशील तर उठून बसशील. त्या चिखलात सत्तर-सत्तर फूट खोल लाकडी खुंट ठोकले, त्यावर लाकडाचा मंच घातला आणि त्यावर अंदाजे अडीच कोटी विटा रचल्या. १८२९ साली काम सुरू झालं, १८४७ साली संपलं. सुमारे दहा लाख डॉलर खर्च आला, त्या काळातले. आधीचा आराखडा दुमजली होता म्हणे, पण हा गाळ तेवढं वजन पेलणार नाही हे कळल्यावर एक मजला उतरवला. मी तिथेच मुलाला म्हटलं, बापू असता तर त्याने पहिल्या दिवशीच सांगितलं असतं. भिंतीच्या विटा जवळच्याच एका मळ्यात गुलामांनी हातांनी पाडलेल्या, करड्या-तपकिरी. कमानींसाठी आणि तोफांच्या झरोक्यांसाठी अधिक कठीण लाल विटा उत्तरेकडून, बाल्टिमोर आणि अलेक्झांड्रियाहून जहाजाने आणल्या. कमानींचं काम बघताना मी दहा मिनिटं जागचा हललो नाही. एका कमानीतून दुसरी निघते, तिच्यातून तिसरी, आणि विटांच्या सांध्यांतल्या दर्जा इतक्या एकसारख्या की गवंड्याचे हात डोळ्यांसमोर येतात. त्या गवंड्यांत आणि मजुरांत कितीतरी जण गुलाम होते. त्या उन्हात, डासांत आणि तापात ज्यांनी हे उभं केलं त्यांचं नाव कुठल्याच दगडावर नाही. आपल्याकडे तरी कुठे असतं म्हणा.

आता हे बांधलं कोणी आणि कशाला, ते सांगतो. ऑगस्ट १८१४ मध्ये इंग्रजांनी येऊन यांची राजधानी जाळली. अध्यक्षांचा वाडासुद्धा. त्या धक्क्याने यांनी ठरवलं की अख्ख्या किनाऱ्याला कायमचे, पक्के दगडविटांचे किल्ले घालायचे. इंजिनियरांची फौज होतीच. १८०२ साली वेस्ट पॉइंटची लष्करी शाळा आणि इंजिनियरांचं दल एकाच कायद्याने निघालं होतं, आणि ती शाळा बरीच वर्षं या देशातली इंजिनियरिंगची मुख्य शाळा होती. पण आपल्याकडची माणसं पुरेशी नाहीत असं सरकारला वाटलं आणि १८१६ साली थेट फ्रान्सहून एक जण आणला. सिमॉन बर्नार, नेपोलियनच्या पदरी राहिलेला. झालं! परदेशी तज्ज्ञ वर बसवल्यावर ऑफिसात काय होतं ते तुला मला सांगायला नको. दलाचा प्रमुख स्विफ्ट, वेस्ट पॉइंटचा पहिला पदवीधर, १८१८ साली राजीनामा देऊन गेला. किल्ल्यांचे आराखडे ठरवणाऱ्या मंडळावरचा मॅक्री पुढच्या वर्षी गेला. राहिला तो तिसरा, जोसेफ टॉटन. त्याने निमूटपणे बर्नारबरोबर काम केलं, बर्नार १८३१ साली मायदेशी परतला, आणि १८३८ पासून टॉटन दलाचा प्रमुख झाला तो १८६४ साली मरेपर्यंत. सव्वीस वर्षं एका खुर्चीत! आपल्या खात्यात एक साहेब तीन वर्षं टिकला तर आपण पेढे वाटायचो.

हा टॉटन मला फार आवडला. फावल्या वेळात समुद्रातले शंख-शिंपले गोळा करायचा, आणि नुसता छंद नव्हे, एक-दोन जातींना त्याचं नाव आहे. चुन्यावर आणि पाण्यातही घट्ट होणाऱ्या हायड्रॉलिक सिमेंटवर स्वतः प्रयोग करून लिहायचा. तोफेचा झरोका बाहेरून जितका लहान तितका शत्रूचा गोळा आत यायची भीती कमी, म्हणून १८५२ ते ५५ या काळात वेस्ट पॉइंटला नमुन्याच्या भिंती बांधून त्यांच्यावर तोफा डागून बघितल्या. मग झरोक्याच्या गळ्याशी लोखंड बसवलं आणि तोफ उडताच मिटणारी लोखंडी झापडं लावली. मोजल्याशिवाय बोलायचं नाही असा माणूस. हे ध्यानात ठेव, पुढे लागणार आहे.

पुलास्कीच्या कामावर सुरुवातीला नुकताच शाळेतून निघालेला एक पोरगा होता, सेकंड लेफ्टनंट रॉबर्ट ली. हो, तोच, पुढे दक्षिणेचा सेनापती झालेला. वर्गात दुसरा आला होता. पहिली नेमणूक या चिखलात. बेटावरचं पाणी काढायचे चर, भरती थोपवायचे बांध, हे त्याचं काम. ओव्हरसियरचंच म्हण ना. दीड-दोन वर्षं राहिला आणि व्हर्जिनियाला फोर्ट मन्रोवर बदलून गेला. पुढची चौदा-पंधरा वर्षं मॅन्सफील्ड नावाच्या इंजिनियरने काम ओढलं. पायाचा खड्डा एकाने खणायचा, वास्तुशांतीचं जेवण दुसऱ्याने जेवायचं, हा जगभरचा रिवाज दिसतो.

भिंत साडेसात फूट जाड, भरीव विटांची. मागे कमानींचे खण. समोर सगळी दलदल, आणि तोफ ठेवण्याजोगी कोरडी जमीन म्हणजे टायबी बेट, एक ते दोन मैलांवर. त्या काळचं गणित असं: गुळगुळीत नळीच्या तोफेचा गोल गोळा सात-आठशे यार्डांपलीकडे भक्कम बांधकाम फोडू शकत नाही, आणि हजार यार्डांपलीकडे तर विचारच सोडा. हे कोणाच्या मनातलं नव्हतं, युरोपातल्या वेढ्यांतून ताडून बघितलेलं होतं. म्हणजे टायबीवरून पुलास्कीला खरवडण्यापलीकडे काही होणार नाही. टॉटनचं मत तेच. लीचंही तेच.

१८६१ साली इथल्या उत्तर-दक्षिण राज्यांत यादवी सुरू झाली तेव्हा किल्ला दक्षिणेकडे गेला होता. त्या वर्षाच्या शेवटी ली याच किनाऱ्याच्या संरक्षणावर नेमलेला होता. तीस वर्षांनी तो पुन्हा या बेटावर आला. किल्लेदार होता कर्नल ऑल्मस्टेड, वय वर्षं पंचवीस. दोघे तटावर उभे राहिले आणि लीने टायबीकडे बोट करून त्याला सांगितलं की तिथून तोफगोळ्यांनी तुम्हाला बराच ताप देतील, पण एवढ्या अंतरावरून ही भिंत फुटणार नाही. ऑल्मस्टेडने ते पुढे आठवणीत लिहून ठेवलंय. मार्चमध्ये लीला दक्षिणेच्या राजधानीत, रिचमंडला बोलावणं आलं आणि तो गेला. पोरगा किल्ल्यात राहिला.

टायबीवर आला उत्तरेचा कॅप्टन क्विन्सी गिलमोर. हाही इंजिनियर, हाही वेस्ट पॉइंटचा, १८४९ च्या वर्गात पहिला. म्हणजे बघ, टॉटन, ली आणि गिलमोर तिघे एकाच शाळेतले, एकच पुस्तक वाचलेले. फरक एवढाच की गिलमोरचा नव्या तोफांवर विश्वास होता. त्यांच्या नळीत आतून चक्राकार खाचा पाडलेल्या. गोळा लांबट, टोकदार, बाहेर पडताना भोवऱ्यासारखा फिरत निघतो, त्यामुळे दिशा सोडत नाही आणि जिथे लागेल तिथे शिरतो. वरिष्ठांना हे फारसं पटलेलं नव्हतं, पण करून बघ म्हणाले.

मग त्या दलदलीतून छत्तीस तोफा ओढल्या. तोफा काय, उखळी तोफेचं एकेक धूड साडेआठ टनांचं! दोन चाकांच्या गाड्याखाली टांगायचं आणि दोराला अडीचशे माणसं लावायची, तीही अपुरी पडायची. दिवसा किल्ल्यावरून दिसेल म्हणून सगळं काम रात्री. कुजबुजीपलीकडे आवाज काढायचा नाही, हुकूम फक्त शिटीवर. अंधारात, गुडघाभर चिखलात, शिटीच्या तालावर अडीचशे माणसं एक तोफ ओढताहेत, हे चित्र माझ्या डोक्यातून जातच नाही. अकरा मोर्चे उभे केले आणि त्यांना आपल्या मोठ्या लोकांची नावं दिली. त्यातल्या एकाचं नाव बॅटरी टॉटन. ज्याच्या हयातभराच्या विद्येवर गोळे टाकायचे त्याचंच नाव तोफांच्या मोर्च्याला! सरकारी खात्याचा विनोद सात समुद्रापार गेला तरी तोच.

१० एप्रिल १८६२, सकाळी आठच्या सुमारास सुरुवात झाली. उखळी तोफांवर सगळ्यांची भिस्त होती, त्या साफ फसल्या, दहातला एक गोळासुद्धा धड आत पडेना. काम केलं ते खाचांच्या दहा तोफांनी, सोळाशे-साडेसोळाशे यार्डांवरून, म्हणजे आपल्या दीड किलोमीटरवरून. त्यांचे गोळे विटेत दीड-दोन फूट शिरत होते. सगळ्यांनी नेम धरला एकाच कोपऱ्यावर, आग्नेयेच्या. संध्याकाळपर्यंत तिथला दर्शनी थर उडाला. दुसऱ्या दिवशी मोठ्या गुळगुळीत तोफांचे जड गोळे त्या खिळखिळ्या झालेल्या बांधकामावर हाणले आणि विटांचे ढीगच्या ढीग खंदकात कोसळले. जुनं बांधकाम पाडताना आपला मुकादम काय करायचा? आधी पहारीने दर्जा उकलायच्या, मग घण. तसंच.

दुपारपर्यंत दोन कमानी आरपार उघड्या पडल्या. आता गोळे त्या भगदाडातून शिरून, मधलं मैदान ओलांडून, समोरच्या वायव्य कोपऱ्यावर आदळायला लागले. तिथे दारूकोठार. आत चाळीस हजार पौंड दारू. ऑल्मस्टेडने पांढरं निशाण दाखवलं. सगळे मिळून तीस तास. अठरा वर्षांचं काम, तीस तास! दोन्ही बाजूंची माणसं मात्र एकेकच दगावली. ३८५ जण कैद होऊन न्यूयॉर्कच्या गव्हर्नर्स आयलंडवर गेले. आणि दोन दिवसांनी उत्तरेच्या जनरल हंटरने हुकूम काढला की या किल्ल्यातले आणि बेटावरचे सगळे गुलाम मोकळे. विटा रचणाऱ्यांपैकी कोणी तोपर्यंत तिथे होतं का, कोण जाणे. मला ते असावेत असं फार वाटलं.

बापू, त्या कोपऱ्यापाशी मी बराच वेळ बसलो होतो. नातू येऊन म्हणाला, "आजोबा, भोकात माझा अख्खा हात जातो!" काही गोळे अजून भिंतीत रुतलेले दिसतात. मला मात्र तुझी ती मोरी दिसत होती.

एकोणनव्वद सालची. आपण दोघं पावसाआधी त्या गावात गेलो होतो. नाल्याला कधी जास्तीत जास्त पाणी आलं, असं म्हाताऱ्यांना विचारलं. मारुतीच्या देवळाची तिसरी पायरी बुडाली होती म्हणाले. तू चौथी धरलीस. कोष्टकं धरून, सूत्र लावून, वर थोडी सूट ठेवून गाळे काढलेस. हिशेबात चूक नव्हती. मी आकडा-आकडा तपासला आणि सही केली. जुलैत पाणी देवळाच्या उंबऱ्याला लागलं, मोरीला वळसा घालून भराव घेऊन गेलं, आणि पलीकडची तीन गावं दोन महिने तुटली. वरच्या अंगाला डोंगर तोवर बोडका झाला होता. पूर्वी जे पाणी मुरत-मुरत चार तासांत यायचं ते तासाभरात आलं. हे ना म्हाताऱ्यांना ठाऊक, ना कोष्टकाला. आपण दोघं त्या डोंगरावर चढून गेलो असतो तर दिसलं असतं. त्या दिवशी ऊन फार होतं आणि जीप चारला परत द्यायची होती.

चौकशीत ठपका तुझ्यावर आला. काढणारा तू. तपासणारा मी, पण माझी तोवर बदली झाली होती आणि मला कोणी काही विचारलं नाही. मीही आपण होऊन गेलो नाही. त्या वर्षी माझं प्रमोशन होतं. तुझी एक वेतनवाढ गेली आणि तू त्यावरून मला कधी एक शब्द बोलला नाहीस. मागच्या महिन्यात फोनवर सहज म्हणालास, "ती मोरी अजून स्वप्नात येते रे," आणि मी विषय बदलला. लिहायचं होतं ते एवढंच, बाकीचा किल्ला त्याच्याभोवती आला. ली रिचमंडला गेला आणि शरणागतीची तलवार ऑल्मस्टेडला द्यावी लागली, हे तिथल्या फलकावर वाचलं तेव्हा मला बसायला जागा शोधावी लागली.

असो. पुढचं थोडक्यात सांगतो, नाहीतर तू म्हणशील गोष्ट अर्धी ठेवली. विटांच्या किल्ल्यांचा काळ त्या दिवशी संपला. टॉटन तेव्हा त्र्याहत्तर वर्षांचा होता, किनाऱ्यावर त्याचे कितीतरी किल्ले उभे होते, काही अर्धवट. फ्लोरिडाच्या टोकाला भर समुद्रात एक कोटी साठ लाख विटांचा फोर्ट जेफरसन चालला होता, तो कधी पुरा झालाच नाही. टॉटन दोन वर्षांनी न्युमोनियाने गेला. गंमत म्हणजे याच गिलमोरचा १८६३ साली चार्ल्स्टनपाशी वाळूच्या किल्ल्याने घाम काढला. फोर्ट वॅग्नर, नुसती वाळू आणि ताडाचे ओंडके. गोळा वाळूत घुसतो, धूळ उडते, रात्री फावड्याने खड्डा बुजवला की सकाळी किल्ला तयार. आणि शेजारच्या विटांच्या फोर्ट सम्टरचा त्याने तोफांनी पार ढिगारा केला, तर तो ढिगारा आणखी दीड वर्ष हाती लागेना! मग १८८० नंतर यांनी काँक्रीट धरलं, तोफ उडाली की आपोआप खाली बसणारे गाडे केले, पण ते सगळं मला कोरडं वाटतं. त्यात कमान नाही.

तुला आवडेल अशी एक गोष्ट मात्र राहिली. ज्या गिलमोरने हा तट पाडला त्याने पुढच्याच वर्षी, १८६३ साली, चुना, हायड्रॉलिक सिमेंट आणि मॉर्टर यांवर जाडजूड ग्रंथ लिहिला. आणि आपल्या मुंबईचा धागा. पुलास्की पडला आणि सव्हाना बंदर समुद्राकडून बंद झालं. तिथून निघायचा तो कापूस. दक्षिणेचीच बंदरं अशी एकेक करून मिटली, म्हणून मँचेस्टरच्या गिरण्या मुंबईकडे वळल्या आणि आपल्याकडे कापसाचा तो वेडा पैसा आला. बार्टल फ्रिअर गव्हर्नर म्हणून मुंबईत रुजू झाला तो त्याच एप्रिल १८६२ मध्ये. त्याच्याच कारकिर्दीत मुंबईच्या कोटाचे तट पाडून टाकले. फोर्टातून लोकलला जाताना आपण ज्या तटाची जागा तुडवतो त्याचा आणि जॉर्जियातल्या या भगदाडाचा असा काही संबंध लागेल हे मला सत्तराव्या वर्षी कळलं.

किल्ला पडल्यावर न्यूयॉर्कच्या पलटणीने भगदाड पुन्हा बांधून काढलं. घाईचं काम, पण वाईट नाही. विटा मात्र मिळाल्या त्या वेगळ्या, जास्त लाल. त्यामुळे जुनं कुठे संपतं आणि ठिगळ कुठे सुरू होतं ते दीडशे वर्षांनंतरही लांबून दिसतं. सोबत सात फोटो पाठवतोय, छापून घेतलेत, कारण मोबाइलवर तू मोठं करून बघणार नाहीस. दोन फोटोंत ठिगळाची कड आहे, पाचांत नाही. कुठल्या दोनांत ते मी मागे लिहिलेलं नाही. आणि एका फोटोत सांध्याशी एक बारीक उभी तडा आहे. ती पाया खचल्याची की नुसती आकुंचनाची, यावर माझं मत बनलंय, पण आधी तुझं कळव. या वेळी सही मी खाली करणार नाही, तुझ्या शेजारी करीन.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात परत येतोय. मालवणला जायचं तुझ्या मनात होतं, ते पक्कं धर. गुडघ्यांचं बघू, सिंधुदुर्गाला होडीनेच जायचं असतं. आणि परतीच्या वाटेवर, तुझी हरकत नसेल तर, त्या नाल्यावर नवीन मोरी झाली आहे ती बघून येऊ. मी ती अजून पाहिलेली नाही. तू पाहिलीस का, हेही मी कधी विचारलं नाही.

वहिनींना नमस्कार. त्यांनी दिलेलं मेतकूट संपलं, नातवाने संपवलं.

तुझा,
नाना

ता. क. : नातू विचारत होता की किल्ला बांधणाऱ्याला शिक्षा झाली का. मी त्याला तुझा नंबर दिलाय.